कॅमेऱ्याला पिशवी पाहिजे

मी सायकलवरून पडलो नाही.

कॅमेरापण पडला नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण सायकल, कॅमेरा आणि मी असे तीन शब्द एका ओळीत आले की आमच्या नातेवाइकांचे हात आपोआप कपाळाकडे जातात. तुम्हीपण आता वाट बघत असाल की हा कधी खड्ड्यात जातो, कधी तोंडावर आपटतो आणि कधी आपण हसतो. सॉरी! खड्डे भरपूर होते, मी सगळे चुकवले. कॅमेऱ्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. तरीपण त्या रविवारी तीस फोटोंची वाट लागली आणि पप्पांची नोकरी जाता जाता राहिली, ती कशी ते ऐका.

कॅमेरा दिलीपमामाचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, देवळ्याचा. नाशकात अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत आमच्याबरोबरच राहायचा. त्याचं लग्न ठरलं पिंपळगाव बसवंतच्या संगीताशी. ती तिथल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होती. साखरपुडा मार्चमध्ये झाला, लग्न मे महिन्यात. आणि मधले दोन महिने मुलाने मुलीला भेटायचं नाही, असा दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचा हुकूम. मामाचं जेवण तेव्हापासून अर्ध्यावर आलं होतं.

मामाचा सगळा जीव आता एका रोलमध्ये होता. छत्तीसचा रोल. तीस फोटो काढून झालेले. त्यात साखरपुडा होता आणि साखरपुड्यात संगीता होती. तिचा दुसरा एकही फोटो मामाकडे नव्हता. दोन महिने ढकलायचे होते ते ह्या फोटोंवर. आता रोल धुवायला टाकायचा, की काम संपलं. पण पप्पा आडवे आले.

"किती उरलेत?" पप्पांनी विचारलं.

"सहा, दाजी."

"सहा फोटो कोरे ठेवून रोल धुवायला देणार? म्हणजे ताटात भाकरी टाकून उठण्यातला प्रकार. आधी रोल संपवा, दिलीपराव."

पप्पांच्या पुढे मामा बोलायचा नाही. पण आमच्या घराचे फोटो काढण्यात त्याला रस नव्हता, आणि जिचे काढायचे तिला भेटायची बंदी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा अकरावीला. दहावीपर्यंत नांदगावला आजोळच्या एका नातलगाकडे राहून शिकलेलो, तिथल्या सगळ्या सरांचे आवाज काढून पोरांना हसवणं एवढंच माझं शिक्षण. मामा म्हणाला, "पिंट्या, तुला फोटो काढायचे असतात ना नेहमी? हे सहा तुझे. जा, सोमेश्वरला जा, सीनसिनरी काढ. पण सांभाळून. भो, मना जीव शे त्यामा!" (मामा मनातलं बोलायला लागला की अहिराणीत घसरायचा. रागावला तरी घसरायचा. म्हणजे शुद्ध मराठी तो फक्त खोटं बोलताना वापरायचा. हे वाक्य लक्षात ठेवा.)

सोमेश्वरला जायचं तर सायकलवर. सायकलवर कॅमेरा न्यायचा तर कशात न्यायचा? ह्या एका प्रश्नावर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरात जी मीटिंग बसली, तशी मामाच्या लग्नाची बोलणी करतानापण बसली नव्हती.

मी म्हणालो, "माझ्या दप्तरात टाकतो. पाठीवर."

"पाठीवर नको," मामा लगेच म्हणाला. "पाठीला घाम येतो. अर्ध्या तासात आतमध्ये वाफ धरते."

"मग गळ्यात अडकवतो."

"चढावर वाकलास की हँडलवर आपटतो. ब्रेक मारलास की हनुवटीवर."

ताई म्हणाली, "माझी पर्स घे." ताईच्या पर्सला मोत्यांची झालर होती. मी झालरवाली पर्स खांद्याला लावून त्र्यंबक नाक्यावरून चाललोय आणि मागून आमच्या कॉलेजची पोरं येताहेत, असं चित्र मला दिसलं. मी नम्रपणे नाही म्हणालो. ("हिडीस!" असं म्हणालो. पण नम्रपणे.)

"बाजाराची नायलॉनची पिशवी?" आई म्हणाली.

"ती झुलते, आक्का. वळणावर चाकाच्या तारांत जाते."

"कॅरिअरला बांध मग. खाली उशी देते."

"कॅरिअरला तर अजिबात नको! दहावा मैल सोडला की पुढे असले खड्डे आहेत ना..."

आईने हातातली गवार खाली ठेवली. "दहावा मैल? तो तर ओझरकडे आला. सोमेश्वरच्या रस्त्याला कुठून आला दहावा मैल? आणि तुला रे एवढं सगळं काय माहीत? तू कधी नेलास सायकलवर कॅमेरा?"

"वर्कशॉपमध्ये एक जण सांगत होता," मामा एकदम पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलला.

तेव्हा आमच्यापैकी कुणालाच काही कळलं नाही. मला तर नाहीच. मी आवाज पकडतो, अर्थ नाही.

शेवटी आईने विषय हातात घेतला. पप्पांच्या कंपनीची खाकी पँट जुनी झाली की आई तिची डब्याची पिशवी शिवायची. जाड कापड, दोन बंद, वर नाडी. पप्पा रोज तीच पिशवी सायकलच्या हँडलला लावून सातपूरला कामाला जायचे. "तशीच एक शिवते," आई म्हणाली. "मागच्या महिन्यात एक शिवलेली, ती कुठे गेली कुणास ठाऊक. दोरीवरून उडाली बहुतेक." मामा खिडकीतून बाहेर बघायला लागला.

आता पिशवी झाली, पण ती मऊ. आत काहीतरी कडक पाहिजे. आईने फळीवरून पोळ्यांचा गोल स्टीलचा डबा काढला, पप्पांच्या डब्याच्या जोडीचा. कॅमेरा त्यात असा बसला, की डबा करणाऱ्याने कॅमेऱ्याचंच माप घेतलं असावं! भोवती गादीतला कापूस भरला, वरून झाकण. पण मामाचं समाधान होईना. मग ताईच्या डोक्यातून चाचणी निघाली. डब्यात कॅमेऱ्याच्या जागी कच्चं अंडं ठेवायचं, आणि मी कॉलनीला एक चक्कर मारायची.

पहिलं अंडं गटाराच्या झाकणावर फुटलं. आईने कापूस वाढवला. दुसरं अंडं चक्कीपर्यंत टिकलं. तोपर्यंत आख्खी गल्ली ओट्यावर आली होती. "काय चाललंय हो पगारे वहिनी?" "काही नाही, अंडं फिरवून आणतोय." तिसऱ्या वेळेला मामाने सायकलच्या ट्यूबचं एक रबर काढलं आणि पिशवीचे बंद हँडलच्या दांडीला मधोमध आवळून बांधले. पिशवी जराही हलेना. अंडं आख्खं परत आलं! टाळ्या पडल्या. पप्पांनी त्याचं ऑम्लेट खाल्लं आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास. पास."

आई म्हणाली, "थांब, दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतायत. खूण म्हणून हिला लाल दोरा बांधते."

"लाल दोरा?" मी म्हणालो. "कॅमेऱ्याच्या पिशवीला? आई, फोटोग्राफर आहे मी, बोकड नाही."

हे वाक्य मी तेव्हा फार ऐटीत टाकलं होतं. ताई हसली, मामा हसला. पुढे हे वाक्य मला त्याच ऐटीत सगळ्यांनी किती वेळा परत ऐकवलं, ते मी मोजायचं सोडून दिलंय.

शनिवारी रात्री मी कॅमेरा डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवली. सकाळी विसरायला नको म्हणून. आता, दारामागच्या खुंटीला आमच्याकडे रोज काय असतं? पप्पांचा डबा. सातपूरच्या कंपन्यांना सुट्टी शनिवारची. रविवारी आख्खं गाव लोळत असतं, तेव्हा पप्पा सव्वासहाला पहिल्या पाळीला निघतात. अर्धवट झोपेत ते खुंटीकडे हात लांब करतात, जी लागेल ती पिशवी घेतात. त्यांना जी लागली ती माझी होती.

मी निघालो आठला. मस्त गार हवा. हँडलच्या मधोमध पिशवी, हलत नाही की डुलत नाही. खड्डा दिसला की मी उतरून सायकल हातात धरायचो. गंगापूर रोडला दोन म्हाताऱ्यांनी मला पायी ओव्हरटेक केलं. सोमेश्वरला पोचलो. मार्च महिना, धबधब्याला पाणी म्हणजे गळका नळ. तरीपण मी एक चांगला दगड निवडला, डबा मांडीवर घेतला, देवाचं नाव घेऊन झाकण उघडलं.

आत मेथीची भाजी होती.

मेथीच्या खाली दोन भाकरी. बाजूला कागदात ठेचा आणि एक कांदा.

मी झाकण लावलं. परत उघडलं. मेथीच होती. मामाचा जीव आत्ता कुठे असेल? पप्पांच्या कंपनीत! आणि कंपनीच्या गेटवर केवढा मोठा बोर्ड: आत कॅमेरा नेण्यास सक्त मनाई आहे. (तिथे काय बनतं, ते पप्पांना कधीही विचारलं तरी ते म्हणायचे, "पार्ट." कशाचे? "पार्ट.") कॅमेरा सापडला तर पप्पांना मेमो. मेमो म्हणजे नोकरी धोक्यात. आणि कॅमेरा जप्त झाला तर मामा गेला कामातून.

मी एवढा घाबरलो, एवढा घाबरलो, की एक भाकरी खाल्ली.

मग सायकल मारत सातपूर गाठलं. आता खड्डे चुकवले नाहीत, मेथीला काय होतंय? साडेदहाला गेटवर. तिथे वॉचमन बोरसे. मोठ्या मिशा, छोटं स्टूल.

"काय रे?"

"पगारे फिटरांचा मुलगा. त्यांचा डबा राहिला घरी."

"ठेव इथं. पाठवतो आत."

"आणि त्यांनी नेलेली पिशवी मला परत पाहिजे."

"कोणती पिशवी?"

"सकाळी नेली ती."

"त्यात काय आहे?"

"डबा."

"मग हे काय आहे?"

"हापण डबाच."

बोरसेने मिशीवरून हात फिरवला. "एका माणसाला दोन डबे?"

"त्यांना भूक जास्त लागते."

"मग दोन्ही खातील. चल, नीघ."

डबा आत गेला. आतमध्ये काय झालं, ते पप्पांचे मित्र गांगुर्डेकाका नंतर वर्षभर सांगत होते. अकराला जेवायची सुट्टी झाली. पप्पांनी कँटीनमध्ये बसून डबा उघडला, आत बघितलं, आणि झाकण असं लावलं की बोट सापडलं. "काय हो पगारे, जेवा की." "माझा आज उपास आहे." "रविवारचा?" "नवीन धरलाय." तेवढ्यात गेटवरचा शिपाई दुसरा डबा घेऊन आला, "पगारे, तुमच्या पोराने पाठवलाय." त्यात मेथी आणि एक भाकरी. पप्पा म्हणे बराच वेळ त्या एका भाकरीकडे बघत होते. मग त्यांनी उपास सोडला.

बाहेर मी टपरीपाशी उभा. साडेतीनला पाळी सुटणार, सगळे पिशव्या घेऊन गेटमधून बाहेर येणार, बोरसे पिशव्या बघणार. (बोरसेने पंधरा वर्षांत एकदाही पिशव्या बघितल्या नव्हत्या. फक्त "चला, चला" म्हणायचा. पण हे मला कोण सांगणार?) काहीतरी करायला पाहिजे. आणि मला आयुष्यात एकच गोष्ट येते.

पप्पांचे मोठे साहेब म्हणजे चांदोरकर साहेब. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पण त्यांचा आवाज मला पाठ होता, कारण पप्पा रोज रात्री जेवताना आम्हाला साहेब करून दाखवायचे. नाकातून, ओढून, प्रत्येक वाक्याच्या आधी "म्हणजे त्याचं असं आहे". आम्ही हसून हसून लोळायचो. मी तो आवाज शिकलो होतो पप्पांकडून. गेटचा फोन नंबर घरच्या कॅलेंडरवर लिहिलेला, पाठ. टपरीवर रुपयाचा फोन. मी नाक चिमटीत धरलं.

"हॅलो, गेट."

"कोण, बोरसे का? म्हणजे त्याचं असं आहे, मी चांदोरकर बोलतोय."

"कोण?"

"चांदोरकर! आवाज ओळखता येत नाही का?"

"येतो ना साहेब."

"म्हणजे त्याचं असं आहे, आज पाळी सुटताना कुणाच्याही डब्याच्या पिशव्या तपासायच्या नाहीत. उगाच वेळ जातो."

"बरं साहेब. पण साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही इथं माझ्यासमोर बसून चहा पिताय, तर फोनवर कोणे?"

मी फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला. भारदस्त, शांत, खर्जातला. नाकाचा त्यात काही संबंध नाही. "नमस्कार. आपण कोण चांदोरकर?"

मी फोन ठेवला. रुपया गेला.

साडेतीनला गेटवर बोरसे उभा होता, शेजारी स्वतः साहेब. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, एकेक पिशवी, एकेक डबा, उघडून! एकाच्या डब्यात खरकट्या शेवग्याच्या शेंगा. एकाच्या डब्यात कंपनीचा हात धुवायचा साबण, आख्खा. ("चुकून पडला असेल साहेब." "झाकण लावून?") मी टपरीच्या मागून बघत होतो. पप्पा रांगेत होते, पण रांग पुढे सरकत होती आणि पप्पा मागे. "तुम्ही व्हा पुढे." "नाही नाही, तुम्ही व्हा." सत्तर माणसांना त्या दिवशी पप्पांनी मान दिला. एकाहत्तरावे ते स्वतः होते.

बोरसेने पहिला डबा उघडला. रिकामा. दुसरा उघडला. "कापूस?" त्याने कापूस बाजूला केला. मग त्याच्या मिशा वर गेल्या.

साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग बोर्डाकडे बघितलं. मग पप्पांकडे.

"साहेब, हात नाही लावला मी याला," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तो मला आजही काढता येत नाही आणि काढायचाही नाही. "पोराची पिशवी बदलली. मेव्हण्याचा कॅमेरा आहे. त्याच्या साखरपुड्याचे फोटो आहेत आत, दुसरं काही नाही. शपथ."

"काय आहे ते बघतो ना साहेब," बोरसे म्हणाला.

आता बोरसे इतका वेळ काय करत होता? जे हातात येईल त्याचं झाकण उघडत होता. सत्तर डबे उघडल्यावर त्याच्या हाताला तेच वळण लागलेलं. त्याने कॅमेरा उलटा केला, सुलटा केला, कोपऱ्यातली एक चकती दिसली, ती ओढली...

मी टपरीच्या मागून उडी मारली आणि जिवाच्या आकांताने ओरडलो. पण घाबरलो की माझं एक होतं. शेवटचा जो आवाज काढलेला असतो, तोच तोंडातून येतो.

"उघडू नका ओ!" मी ओरडलो. नाकातून. ओढून.

सत्तर माणसांनी वळून बघितलं. साहेबांनीपण बघितलं. आणि तिकडे कॅमेऱ्याचं मागचं झाकण टप्पकन उघडलं, आणि मार्चच्या साडेतीनच्या उन्हात मामाचा जीव वाळत पडला. बोरसे त्यात डोकावून म्हणाला, "साहेब, आत नुसती पट्टी आहे. फोटो तर एकपण नाही."

"बंद करा ते आधी!" साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "या चांदोरकर. सकाळी आपलं बोलणं अर्धवट राहिलं."

मी रडायला लागलो. (हे ताईला अजून माहीत नाही. इथे वाचेल.) रडत रडत सगळं सांगितलं. दप्तर, पर्स, अंडी, लाल दोरा, मेथी. साहेब सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पगारे, ह्या कॅमेऱ्यात तुम्ही काही काढलं असतं, तरी आता आमच्या बोरसेंनी ते उन्हाला लावलं. मेमो कशाचा देऊ? जा घरी." पप्पांनी हात जोडले. आम्ही वळलो, तेवढ्यात साहेब हळूच म्हणाले, "आणि मुलाला सांगा, मी इतका नाकात बोलत नाही."

सत्तर माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली. कारण तो नाकातला साहेब फक्त आमच्या घरात नाही, कँटीनमध्येपण रोज चालायचा.

घरापर्यंत आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत आलो. पप्पांनी फक्त पपया नर्सरीपाशी विचारलं, "एक भाकरी कुठे गेली?"

"भीती वाटली म्हणून खाल्ली."

"हं," पप्पा म्हणाले.

मामाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला, कॅमेरा मांडीवर घेतला आणि त्याच्या बंद झाकणावरून नुसता अंगठा फिरवत राहिला. "तिले सांगेल होतं मी," तो म्हणाला. "फोटो आले का एक तुले बी पाठवसू." रात्री तो जेवला नाही. मीपण नाही. (माझी एक भाकरी जास्त झालेली होती, पण तरी नाही.)

सोमवारी मीच रोल घेऊन कॉलेज रोडच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्या काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बघू काय निघतंय. रोल म्हणजे कांद्यासारखा असतो बाबा. ऊन लागलं तर वरचे पापुद्रे जातात, आतला गाभा कधीकधी वाचतो. पहिले काढलेले फोटो सगळ्यात आत असतात." बुधवारी पाकीट मिळालं. पाकिटात चार फोटो होते. मी रस्त्यात उघडलं नाही. मामाच्या हातातच द्यायचं ठरवलं होतं.

पण दार उघडलं आईने. माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि सगळ्यांच्या मधे बसून उघडलं.

"हे काय? साखरपुडा कुठाय?"

साखरपुडा नव्हता. आत्या नव्हत्या, काका नव्हते, पाटावर बसलेलं कुणीच नव्हतं. होती ती संगीता. एका कडेने लाल-पिवळा जाळ लागल्यासारखे पट्टे, आणि मधे ती. डोक्याला पॅकहाऊसची पांढरी टोपी, अंगात अ‍ॅप्रन. मागे द्राक्षांचे क्रेट. पहिल्या फोटोत ती चिडलेली, दुसऱ्यात तोंडावर हात धरलेला, तिसऱ्यात हात खाली, आणि चौथ्यात अशी मोकळी हसत होती, की बघणारा आपोआप हसायला लागेल. आईपण हसायला लागली. "किती गोड दिसतीये गं बाई!"

मग आईचं हसू थांबलं. तिने चौथा फोटो डोळ्यांजवळ नेला. फोटोच्या कोपऱ्यात एक सायकल होती. सायकलच्या हँडलला, बरोबर मधोमध, ट्यूबच्या रबराने आवळून बांधलेली, कंपनीच्या खाकी पँटची एक पिशवी.

"दिलीप," आई म्हणाली. "ही माझी पिशवी."

मामा उठला.

"बस खाली! दोरीवरून उडाली म्हणत होते मी! हे साखरपुड्याच्या आधीचे आहेत ना? कधी गेलेलास? सायकलवर? पिंपळगावपर्यंत? मला काय सांगितलं होतंस, ओव्हरटाइम आहे?"

"वर्कशॉपमध्ये खरोखरच काम होतं," मामा अतिशय शुद्ध मराठीत म्हणाला.

आईने पुढचा अर्धा तास मामाला जे झापलं, ते मी शब्दशः करून दाखवू शकतो, पण जागा पुरणार नाही. लग्न ठरलेल्या मुलीला चोरून भेटतोस, तिच्या कामावर जाऊन उभा राहतोस, लोक काय म्हणतील, आणि तेही माझ्या पिशवीत कॅमेरा घालून! मामा मान खाली घालून ऐकत होता, पण मी बघितलं, त्याचा एक हात शर्टाच्या खिशावर होता. चौथा फोटो कधीच आत गेला होता. त्या रात्री तो चार भाकरी जेवला.

झोपायच्या आधी त्याने माझा कान धरला. "मेल्या, रोल जाळायचाच होता तर पूर्ण जाळायचा ना! जळायला पाहिजे ते वाचलं आणि वाचायला पाहिजे ते जळलं." मग कान सोडला आणि डोक्यावरून हात फिरवला. "पण चांगला आलाय ना रे चौथा?"

राहिले पप्पा. ते चार दिवस काही बोलले नव्हते, आणि मला झोप येत नव्हती. गुरुवारी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. आईने ताईला खुणावलं, दोघी आत गेल्या.

"इकडे ये. बस समोर."

बसलो.

"त्या दिवशी गेटवर फोन केलास. कुणाच्या जिवावर?"

"चुकलं, पप्पा."

"चुकलंच! साहेबांचा आवाज असा काढतात का? लाज काढलीस माझी सत्तर लोकांत! वर्ष होत आलं, रोज रात्री मी करून दाखवतोय. नुसतं नाक चिमटीत धरलं की साहेब झाला का? साहेब पोटातून येतो, पोटातून! नाक फक्त शेवटी लागतं, 'आहे'पाशी. नीट काढला असतास, तर समोर बसलेला खरा साहेबसुद्धा एक मिनिट बुचकळ्यात पडला असता. आता त्यांना वाटतं, मी त्यांना असा फालतू काढतो!"

मी मान खाली घातली.

"मान वर कर. पोट आत घे. म्हण माझ्यामागे: म्हणजे त्याचं असं आहे..."